कापडाच्या मोलाने

मुंबईचे नाव लावून आफ्रिका पालथी घालणारा एक माणूस होऊन गेला. सिदी मुबारक बॉम्बे. १८२० च्या सुमारास याओ जमातीत त्याचा जन्म झाला. लहानपणीच गावावर धाड पडली, धरलेल्यांना किनाऱ्यावर नेले गेले आणि किल्वा बंदरात एका अरब व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. त्या व्यापाऱ्याबरोबर तो पश्चिम हिंदुस्थानात आला आणि इथेच वाढला. धनी वारल्यावर मोकळा झाला, झांझिबारला परतला आणि पुढची वीस वर्षे बर्टन, स्पीक, स्टॅन्ले, कॅमेरॉन अशा नामांकित प्रवाशांच्या तांड्यांचा म्होरक्या म्हणून वावरला. त्याला इंग्रजी येत नव्हते, स्पीकला तिथल्या भाषा येत नव्हत्या. त्यामुळे नाईलचा उगम शोधायला निघालेली ही जोडी आफ्रिकेच्या ऐन पोटात एकमेकांशी हिंदुस्थानीत बोलत असे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला पदक दिले, १८७६ मध्ये पेन्शनही बांधून दिले.

स्पीकला आपली हकीकत सांगताना या माणसाने एक तपशील जाता जाता सांगून टाकला आहे. किल्व्यात त्याचा सौदा नाण्यांवर झाला नव्हता. तो कापडावर झाला होता.

हे पुस्तक त्या कापडापासून सुरू होते.

गुलामांचा व्यापार म्हटले की मराठी वाचकाच्या मनात येते ते अटलांटिकचे चित्र: साखळदंड, तळघरात दाटीने निजवलेली माणसे, पलीकडे ऊस आणि कापसाचे मळे. या चित्रामागे सबळ कारण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या, निग्रोंच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना लिहिली. इथल्या शूद्रातिशूद्रांची स्थिती दाखवायला त्यांना तोच आरसा सर्वांत स्वच्छ वाटला, आणि त्यांची निवड अचूक होती. पण त्या पुस्तकाच्या तेजात एक गोष्ट आपल्याकडून झाकली गेली. गुलामगिरी हा शब्द आपल्याकडे उपमा म्हणून इतका रुजला की ती आपल्या किनाऱ्यावरची रोजची, हिशेबात मांडलेली वस्तुस्थिती होती, हे विसरायला झाले. फुल्यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, जूनमध्ये, झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. तो बंद करायला लंडनहून जी वकिलात गेली तिचा प्रमुख बार्टल फ्रिअर हा १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याला या कामासाठी निवडण्यामागे साधा हिशेब होता: झांझिबारची तिजोरी ज्या सावकारांच्या हातात होती ते मुंबई इलाख्याला आणि कच्छला बांधलेले लोक होते.

अटलांटिकचा आकडा आधी सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचे मापात बसत नाही. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांवर चढवली गेली. पलीकडे उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधला फरक समुद्रात गेला. हा सगळा व्यवहार बंदुका आणि दारूच्या जोरावर झाला असे आपण ऐकत आलो, पण अठराव्या शतकात आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात जो माल उतरला त्यात मोलाने निम्म्याहून अधिक कापड होते, आणि त्यातला मोठा हिस्सा हिंदुस्थानी. चोलमंडल किनाऱ्यावर एका निळ्या कापडाला गोरे व्यापारी ‘गिनी’ म्हणत. गिनी म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा किनारा. विणकर तामिळ गावातला, नाव आफ्रिकेचे, हिशेब लंडन-नान्तचा. सेनेगल नदीच्या काठी पुद्दुचेरीचे हेच निळे थान एकोणिसाव्या शतकातही चलनासारखे चालत होते. मँचेस्टर आणि रुआँच्या कारखानदारांनी त्याच्या नकला केल्या. आफ्रिकी गिऱ्हाईक कापड हातात घेऊन, वास घेऊन, रंग चोळून पाही आणि नक्कल असली तर बाजूला सारी. गिऱ्हाईक चोखंदळ होते ही गोष्ट काही अभ्यासक कौतुकाने सांगतात. मला ती वाचताना दरवेळी अवघडल्यासारखे होते, कारण त्या चोखंदळपणाच्या दुसऱ्या पारड्यात माणूस होता.

कवडीचेही तेच. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपण तुच्छतेने वापरतो, आणि आपल्या व्यवहारापुरते ते बरोबरही आहे. बंगालच्या बाजारात हजारो कवड्या मोजून एक रुपया होई. पण मालदीवच्या उथळ पाण्यात गोळा केलेली हीच कवडी बंगाल-सिलोनमार्गे युरोपात गेली. परतीच्या जहाजाला तळाशी वजन लागते, ते कवड्यांचे भरले की फुकटात माल पोहोचतो. ॲमस्टरडॅम आणि लंडनला तिचे लिलाव झाले आणि तिथून ती दाहोमेच्या उइदा बंदरात उतरली. तिथे ती कवडीमोल नव्हती. पोत्यांनी मोजली जाई आणि एक माणूस घ्यायला पुरे.

आपल्या समुद्राची रीत वेगळी होती, आणि या पुस्तकाचा बराच भाग त्या वेगळेपणावर खर्ची पडला आहे. अरबी समुद्रात वेळापत्रक वारा ठरवतो. दिवाळीनंतर ईशान्येचा वारा धरला की मांडवी, पोरबंदर, दीव, दमण, सुरतेची गलबते कापडाच्या गाठी घेऊन आफ्रिकेकडे निघत. मोझांबिक, किल्वा, झांझिबार इथे चार-पाच महिने मुक्काम, वसुली, नवी खरेदी. मग वारा नैर्ऋत्येला फिरला की परत. ऐन पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात न घालणारा आपला कोळी जे पंचांग पाळतो तेच गुलामांच्या व्यापाऱ्याचेही पंचांग होते. आणि इथे ‘गुलामांचे जहाज’ असे वेगळे काढून दाखवता येईल असे बहुधा काही नसे. गलबतात हस्तिदंत असे, लाकूड असे, मेण असे आणि त्याच्या जोडीला चार-सहा किंवा वीस-पंचवीस माणसे. अटलांटिकच्या जहाजांचे नकाशे निघाले, खटले चालले, संसदेत भाषणे झाली. गलबतातल्या त्या चार-सहांची नोंद जकातीच्या एका ओळीत संपली. जे किरकोळ विक्रीने चालते त्याचे स्मारक होत नाही.

याला एक ठळक अपवाद होता, मॉरिशस. फ्रेंचांच्या ताब्यातल्या त्या बेटाला मळ्यांसाठी घाऊक माणसे हवी होती. १७७६ मध्ये मोरिस नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने किल्व्याच्या सुलतानाशी वर्षाला हजार गुलामांचा करार केला. तिथून आपल्या समुद्रातही अटलांटिकची रीत शिरली.

गोव्याबद्दल जरा सावकाश बोलले पाहिजे. १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आलेला डच तरुण लिन्सखोटेन याने जुन्या गोव्यातल्या हमरस्त्यावर, ‘रुआ दिरेइता’वर, रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आणि चित्रही काढले. घोडे, मसाले, दागिने, उंची कापड आणि माणसे, सगळे एकाच रस्त्यावर, एकाच पुकाऱ्यात. पंचवीस वर्षांनी आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंचानेही तोच बाजार पाहिला. विकायला उभ्या केलेल्या मुलींचे गुण, म्हणजे शिवणकाम, मुरांबे, गाणे, पुकारून सांगितले जात. चांगल्या अरबी घोड्याच्या किमतीपुढे माणसाची किंमत किरकोळ होती. त्यात मोझांबिकचे काफिर होते तसे बंगालचे, चीनचे, जपानचे लोकही होते. गोव्याच्या लोकभाषेत आफ्रिकी माणसाला ‘खापरी’ म्हणत. हा शब्द आजही काही देवळांच्या आवारात ‘खाप्रो’ या रूपात भेटतो. तिथे नारळ ठेवणाऱ्या किती जणांना तो शब्द कुठून आला हे ठाऊक असेल?

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले, हे आपल्या शालेय इतिहासात येत नाही. आफ्रिकेचा एक अख्खा किनारा गोव्यातल्या मांडवी नदीच्या तीरावरून हाकला जात होता. १६८६ मध्ये दीवच्या वाणी व्यापाऱ्यांच्या मंडळाला पोर्तुगीज सरकारने मोझांबिकच्या व्यापाराचा मक्ता दिला. हे व्यापारी गुजराती कापड उधारीवर नेत, किनाऱ्यावरचे दलाल ते आत नेत, हस्तिदंत आणि माणसे घेऊन बाहेर येत. जीवहिंसा टाळण्यासाठी दिवेलागणीनंतर न जेवणारे लोक हा व्यापार कसा करू शकले, असा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर विचारण्यात आला होता. उत्तर वहीत आहे. वहीत माणूस दिसत नाही. उधारी दिसते, व्याज दिसते, बुडीत खाते दिसते.

आता मराठी राज्याकडे वळतो, कारण वळलो नाही तर हे पुस्तक लिहिण्याचा अधिकार मला उरत नाही. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात एक कलम असे आहे की, आधीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता, ते माझ्या अमलात चालणार नाही. त्या कलमाचे मोल कळायचे तर पार्श्वभूमी हवी: १६५९ ते १६६१ या काळात तंजावरकडे दुष्काळ आणि लढायांनी दैना झालेली असताना डचांनी याच किनाऱ्यावरून हजारो माणसे विकत घेऊन सिलोन-बटाव्हियाकडे नेली होती. मुलांना विकणारे बहुतेकदा आईबापच असत, कारण विकलेले पोर निदान जेवेल ही आशा. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच वसाहतीत ‘मलबारचा अमका’, ‘बंगालची तमकी’ अशी नावे लावलेली माणसे कागदोपत्री भेटतात, ती याच व्यापाराची. हे सारे पाहिले म्हणजे महाराजांचे ते कलम किती निराळे होते ते उमगते.

आणि म्हणूनच पुढच्या शतकातल्या पेशवे दप्तरातल्या ‘कुणबिणी’ जास्त टोचतात. सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर, पागांत, सरदारांच्या वाड्यांत कुणबिणी होत्या. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, व्यभिचाराच्या आरोपाची शिक्षा म्हणूनही एखादी बाई कुणबीण होई. त्यांना दिलेल्या धान्याचे आणि लुगड्यांचे हिशेब आहेत. आपले इतिहासकार हा शब्द ‘दासी’ असा सोवळा करून पुढे जातात. मी तसे केलेले नाही. ज्याची खरेदी होते आणि ज्याला सोडून जाता येत नाही त्याला या पुस्तकात गुलाम म्हटले आहे, मग तो मोझांबिकचा असो की मावळातला.

यावर हमखास येणारा आक्षेप मला पाठ आहे: ‘आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती हो. मलिक अंबर पाहा!’ पाहू या. इथियोपियातून पकडलेला, हातोहात विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले, मोगलांना दोन दशके दमवले आणि १६२६ मध्ये वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर १९४८ पर्यंत संस्थान टिकवले. लष्करी गुलामाला वर चढायची वाट होती, हे खरेच. अमेरिकेतल्या मळ्यावर ती नव्हती. पण एका अंबरच्या मागे जे विकले गेले, खच्ची केले गेले, पागेत आणि जनानखान्यात संपले, त्यांच्या कबरी कोणी बांधल्या नाहीत. लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून लॉटरी हा चांगला धंदा आहे असे म्हणता येत नाही.

इंग्रजांनी हे सगळे बंद केले ही कथा शाळेत पाठ करून घेतली जाते. तिचा पुढचा अर्धा भाग असा आहे. ईस्ट इंडिया कंपनीनेच सतराव्या-अठराव्या शतकांत सेंट हेलिना, बेंकुलेन आणि मुंबई इथल्या ठाण्यांसाठी मादागास्करहून गुलाम आणवले होते. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्यातून कंपनीचा हिंदुस्थान वगळला होता. त्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदामही मिळाला नाही. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश तिजोरीने २०१५ मध्ये चुकता केला. हिंदुस्थानात १८४३ चा कायदा आला, पण त्याने फक्त न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये एवढेच सांगितले. माणूस विकणे-घेणे हा गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली. आणि मॉरिशसमधले मळे? तिथे गुलाम मोकळे व्हायच्या आधीच, नोव्हेंबर १८३४ मध्ये, ‘ॲटलस’ जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटिये पोर्ट लुईला उतरले होते. पुढे कोकणातलेही गेले. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे गणपती बसवतात. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. कागद होता, मुदत होती. पण ऊस तोच होता आणि कामाची घंटाही तीच.

झांझिबारवरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झाले आहे. त्याबद्दल माफी मागत नाही. लवंगेच्या बागा, हस्तिदंत आणि गुलाम या तीन पायांवर तिथली सुलतानशाही उभी होती, आणि तिची जकात कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होती. सुलतानाला कर्ज तीच पेढी देई. आफ्रिकेतून निघालेला हस्तिदंत मुंबईला येई. काही पुढे लंडनला जाई, काही गुजरात-मारवाडच्या नववधूंच्या चुड्यासाठी इथेच राही. तो दात किनाऱ्यापर्यंत बहुतेकदा माणसाच्या डोक्यावरून आलेला असे. बागा गहाण पडल्या की बागेतले गुलामही सावकाराकडे येत. १८६० मध्ये रिग्बी या ब्रिटिश वकिलाने हिंदी व्यापाऱ्यांना दम भरून त्यांच्या घरचे आणि बागांतले हजारो गुलाम सोडवले. हा रिग्बीही मुंबई फौजेतलाच अधिकारी.

आणि मग नाशिक. शरणपूर रोडवरून मी शेकडो वेळा गेलो आहे. दवाखाने, कपड्यांची दुकाने, सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या. कोणाची शरण, हा प्रश्न चाळिशीपर्यंत डोक्यात आला नाही. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गलबते पकडून त्यातली आफ्रिकी मुले मुंबईला आणी. त्यांचे काय करायचे हा पेच मुंबईच्या पोलिसांपुढे असे. त्यातली कित्येक मुले नाशिकजवळच्या मिशनच्या वसाहतीत, शरणपूरला, धाडली गेली. तिथे ती लिहायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६५ मध्ये आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंगस्टन तिथे येऊन नऊ तरुण आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी घेऊन गेला. (आदल्या वर्षी तो आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला होता. ती विकून आलेला पैसा त्याने इथल्या पेढीत ठेवला, आणि शेअरच्या वेडात ती बुडाली. मुंबईने त्यालाही सोडले नाही.)

१ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावात वारला. त्याचे हृदय एका झाडाखाली पुरताना प्रार्थना म्हणणारा आणि झाडावर अक्षरे कोरणारा जेकब वेनराइट हा शरणपुरात शिकलेला, मागाहून मदतीला पाठवलेला, याओ तरुण होता. बरोबर चुमा होता, जो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. या लोकांनी मृतदेह वाळवला, सुती कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीत बसवला, वरून शिडाचे कापड शिवले. वाटेतले लोक प्रेत जाऊ देईनात, तेव्हा ते मालाचे गाठोडे वाटावे असे पुन्हा बांधले आणि हजारभर मैल वाहत किनाऱ्यावर आणले. माणूस गाठोडे करून नेण्याची वाट तीच होती. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत पार्थिवाला साथ देणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट हा एकटा आफ्रिकी होता. शरणपूरचे शंभराहून अधिक लोक लवकरच मोम्बासाजवळच्या नव्या वसाहतीत गेले. तिचे नाव फ्रिअरटाउन, आणि तिथे त्यांना सगळे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. पकडून नेले तेव्हा ते याओ होते, मकुआ होते. परतले तेव्हा मुंबईकर झाले होते.

या पुस्तकात मी शिद्दी, हबशी, खापरी, बटीक, कुणबीण हे शब्द जसे कागदांत आहेत तसेच ठेवले आहेत. त्यातले काही आज शिवीसारखे लागतील. ते गाळले असते तर ती माणसे दुसऱ्यांदा गाळली गेली असती.

आता वाचकांकडे एक मागणे. कोकणात, गोव्यात, देशावरच्या जुन्या वाड्यांत अजून रुमाले पडलेले आहेत, मोडीतल्या वह्या आहेत, दीव-दमणच्या घरांत पोर्तुगीज पावत्या आहेत. आपण त्यांतून सनदा, वंशावळ आणि इनामाचे कागद शोधतो आणि बाकीचे वाळवीला सोडतो. तुमच्या घरात असे दप्तर असेल तर ते कोणा मोडी जाणकाराकडून वाचवून घ्या, आणि बैल, भांडी, लुगडी यांच्या यादीत मधेच एखाद्या बाईचे नाव आणि पुढे रुपये लिहिलेले आढळले, तर ते पान फाडू नका.